कोल्हा आहे, कोल्हा आवडतो

ऐरोलीत माझ्या बहिणीच्या सोसायटीत लिफ्टशेजारच्या फळ्यावर गेल्या महिन्यात एक सूचना लागली. ‘बागेत मुखवटे घालून प्राण्यांसारखे चाळे करण्यास सक्त मनाई आहे. आढळल्यास पालकांना जबाबदार धरण्यात येईल.’ खाली समितीचा शिक्का. ज्या चार-पाच मुलांसाठी ही सूचना होती, त्यांत माझी १६ वर्षांची भाची आहे.

मी ठाण्यातल्या एका शाळेत २८ वर्षं मराठी शिकवते आहे. त्यामुळे माझी नजर आधी ‘चाळे’ या शब्दावर अडकली. मराठीत माकड चाळे करतं, दारू प्यायलेला माणूस चाळे करतो, आणि मुलीच्या बाबतीत हा शब्द आला की त्याला आणखी एक वास येतो. लिहिणाऱ्याच्या मनात तो नसेलही. पण येता-जाता तो वाचणाऱ्या १६ वर्षांच्या मुलीला तो येतो, एवढं मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

मुलं करत काय होती? संध्याकाळी बागेच्या मागच्या पट्टीवर दोन हात नि दोन पाय टेकून धावत होती, बुटक्या बाकावरून उड्या मारत होती. याला क्वाड्रोबिक्स म्हणतात. जपानच्या केनिची इतो या धावपटूने २०१५ साली अशा तऱ्हेने १०० मीटर अंतर १५.७१ सेकंदांत कापून गिनीज विक्रम केला होता. मुलांना तो आकडा तोंडपाठ आहे. गोष्ट एवढ्यावरच असती तर खेळ म्हणून कोणी फार लक्ष दिलं नसतं. पण भाचीने तिच्या आईला सांगितलं की बाकीच्यांचं तिला माहीत नाही, तिच्यासाठी हा खेळ नाही. ‘आई, मी थेरियन आहे.’

देह माणसाचा असला तरी आतून आपण एखादा प्राणी आहोत असं ज्यांना जाणवतं, ते थेरियन. पण तेव्हा घरात या शब्दाचा अर्थ कोणालाच माहीत नव्हता. अर्थ माहीत नसला की माणसं हाताशी असलेल्या खोक्यात गोष्ट टाकून मोकळी होतात, आणि आपल्याकडे अशी तीन खोकी तयार आहेत. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘बाहेरचं काही असेल, कोणाला तरी दाखवून या.’ मुलीचे काका म्हणाले, ‘ठाण्याला पाठवायची वेळ आली.’ मी स्वतः ठाण्यात राहते. आमच्या शहराचं नाव उभा महाराष्ट्र या अर्थाने वापरतो, कारण १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे. लहानपणापासून हे ऐकत आल्यामुळे ते मला कधीच विनोदी वाटलं नाही. तिसरं खोकं मी वापरलं. बहिणीचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, ‘फॅड आहे गं, सोड. सहा महिन्यांनी दुसरं काही असेल.’ फोन स्पीकरवर होता. त्यानंतर महिनाभराहून जास्त काळ ती मुलगी माझ्याशी बोलली नाही.

त्या महिन्यात मी जे वाचलं, समजून घेतलं, त्यातून माझं एक मत तयार झालं आणि ते मांडण्यासाठी हा लेख आहे. आपली चूक अशी होते की आपण या मुलांच्या नामांवर भांडतो. कोल्हा म्हणजे काय, लांडगा म्हणजे काय, पऱ्या असतात का. ऐकायचं असतं ते क्रियापद. ‘आहे’, ‘आवडतो’, ‘वाटतं’, ‘ठरवलं’, ‘येतं’. या मंडळींच्या गेल्या ५० वर्षांच्या शब्दांचा इतिहास पाहिला तर तो सगळा क्रियापदं वेगळी करण्याचा इतिहास आहे.

१९७०च्या दशकात अमेरिकेत काही लोक स्वतःला एल्फ म्हणवू लागले. युरोपच्या लोककथांत रानात राहणारे जे मानवेतर जीव येतात, त्यांच्यापैकी एक. या लोकांचं म्हणणं होतं की देह माणसाचा असला तरी आपला आत्मा त्या कुळातला आहे. पुढे त्यांच्या वर्तुळात असेही लोक येऊ लागले जे म्हणत, आम्ही एल्फ नाही, पण तुमच्यासारखंच काहीतरी आमचं आहे. कोणी ड्रॅगन, कोणी आणखी काही. मग १९९० साली त्यांच्यात आधी ‘अदरकाइंड’ आणि काही महिन्यांतच ‘अदरकिन’ हा शब्द रुळला. म्हणजे हा शब्द जन्मला तोच जागा करून देण्यासाठी, ‘इतरां’साठी. ‘किन’ हा इंग्रजीतला जुना शब्द आहे, अर्थ नातलग, सोयरे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ‘मी कोण’ हे सांगायला त्यांनी जो शब्द घेतला तो मुळात ‘माझे कोण’ हे सांगणारा आहे.

प्राण्यांची वाट थोडी वेगळी. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इंटरनेटवर मानव-लांडग्यांच्या भयकथांची आवड असणारे लोक एकत्र जमत. त्यांच्यातलेच काही जण हळूहळू बोलू लागले, की आम्ही कथांसाठी येत नाही, आम्हाला हे आतून असतं. आधी ते स्वतःला ‘वेअरवुल्फ’ (मानव-लांडगा) या शब्दातला ‘वेअर’ म्हणत. पण त्या शब्दाला पौर्णिमेची रात्र, रक्त, सिनेमातला राक्षस असं सगळं चिकटलेलं होतं. हिंस्र पशू या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘थेरियन’ आला आणि तो रुजला. एक शब्द सोडण्याचं कारण इतकं साधं होतं: तो ऐकणाऱ्याला भलतंच दाखवत होता.

पुढे कथा-कादंबऱ्या, कार्टून यांतल्या पात्रांशी असं नातं सांगणारे आले. जपानी कार्टूनच्या चाहत्यांसाठी असलेल्या शब्दावरून त्यांना आधी ‘ओटाकिन’ म्हणत. पण सगळ्यांची पात्रं जपानी नव्हती, म्हणून ‘फिक्शनकिन’. फरी हे यांच्यात धरू नयेत. माणसासारख्या वागणाऱ्या प्राण्यांच्या चित्रांचा, कथांचा, पोशाखांचा तो छंद आहे आणि बहुतेक फरी स्वतःला पूर्ण माणूसच समजतात. आणि २०१४ च्या सुमारास या सगळ्यांवर छत म्हणून ‘अल्टरह्यूमन’ आला.

आता मी भाचीच्या खोलीत येते. अबोला मोडला तो लोकरीमुळे. तिच्या आईने निरोप दिला, येताना जांभळी नाक्याच्या बाजारातून काळी, राखाडी नि मातकट रंगाची लोकर आण. ठाणे-वाशी गाडीला ऐरोलीपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही, पण त्या दिवशी मांडीवर पिशवी घेऊन मी काय बोलायचं याची उजळणी करत गेले. पोचले तर तिने पलंगावर वर्तमानपत्र पसरलं होतं. लोकरीचे वीतभर तुकडे कापून ती एका जाड दोरीला एकेक गाठ मारत होती आणि मग कुत्र्याचे केस विंचरायच्या तारेच्या ब्रशने प्रत्येक तुकडा पिंजत होती. पीळ सुटतो, धागा फुलतो आणि बघता बघता त्याचा केस होतो. तासाभराच्या पिंजण्याने बोटभर शेपूट झालं. तिच्या तर्जनीला ब्रशच्या तारांनी बारीक ओरखडे आले होते. मी न विचारता दुसरा ब्रश घेतला आणि शेजारी बसले.

भिंतीला खिळ्यावर एक जुनं शेपूट टांगलेलं होतं, भगवट तांबडं, टोकाला पांढरं. ‘ते का काढलंस?’ मी विचारलं.

‘ते चुकलं होतं,’ ती म्हणाली. ‘तेव्हा मी फॉक्स आहे असं म्हणायचे. व्हिडिओत सगळे फॉक्स असतात ना, पांढऱ्या टोकाचे. आणि मराठीत आपण त्यालाही कोल्हाच म्हणतो. मग मागच्या पावसाळ्यात रात्री खाडीकडून ओरडणं ऐकू आलं. मला झोप लागेना. मी शोधत बसले. तो फॉक्स नाही मावशी, जॅकल आहे. त्याच्या शेपटीचं टोक काळं असतं.’

ठाणे खाडीच्या कांदळवनात सोनेरी कोल्हे राहतात हे पुष्कळ नवी मुंबईकरांना ठाऊक नसतं. रोहित पक्ष्यांसाठी आपण दुर्बिणी घेऊन जातो. खाडीतलं रोहित अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. कोल्हा मात्र त्याच चिखलात, तिवरांच्या मुळांआडून, खेकडे नि उष्टंखरकटं खात रात्रीचा फिरतो. आणि भाषेचा घोळही खरा आहे. मराठीत ज्याला कोल्हा म्हणतात तो जॅकल. फॉक्सला आपला शब्द खोकड आहे. पण मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांनी दोघांना एकाच नावात कोंबलं, आणि मी स्वतः इतकी वर्षं ‘लबाड कोल्हा’ शिकवताना फळ्यावर खोकडाचं चित्र काढत आले.

या मुलीने एका शब्दामागे सात-आठ महिने घालवले. फॉक्स, कोल्हा, खोकड, जॅकल, पुन्हा कोल्हा. थेरियन लोकांत अशा तपासण्याला मान आहे. घाईने सांगू नकोस, बघत राहा, चुकलं तर बदल, असं जुने लोक नव्यांना बजावतात. मी याला फॅड म्हटलं होतं.

मग क्रियापदं आली. मी म्हणाले, ‘म्हणजे तुला कोल्हा खूप आवडतो.’

‘आवडायचा काही संबंध नाही. आवडायला मला हत्तीपण आवडतो. हे आवडण्यातलं नाही, उलट कधीकधी नको वाटतं.’

‘मग तुला वाटतं की तू कोल्हा आहेस.’

‘आरशात काय दिसतं ते मला माहीत आहे. दहावीची परीक्षा मीच दिली.’ जरा थांबून म्हणाली, ‘मी कोल्हा आहे असं मी म्हणते. पण नेहमी तेवढं जाणवत नाही. मधूनच येतं. पाठीच्या खाली शेपूट असल्यासारखं वाटतं, कान मागे गेल्यासारखे. मग जातं.’

‘येतं’ हा तिचा शब्द मी तेव्हापासून मनात धरून आहे. इंग्रजीत या लोकांविषयी बोलताना ‘आयडेंटिफाय’ हे क्रियापद वापरतात, आणि त्यात कर्त्याने काहीतरी केल्याचा, ठरवल्याचा सूर आहे. म्हणून तर टीका करणारे विचारतात, उद्या मी स्वतःला टेबल ठरवलं तर? मराठीची घडण वेगळी आहे. आपल्याला भूक लागते, राग येतो, आठवण होते, भीती वाटते. ‘मी’ तिथे कर्ता नसतोच, ‘मला’ असतं. गोष्ट माझ्याकडे चालत येते. १६ वर्षांच्या मुलीने कोणी न शिकवता नेमकं हेच क्रियापद निवडलं. परदेशात ज्याला ‘शिफ्ट’ म्हणतात ते ती सांगत होती, आणि तो शब्द न वापरता जास्त नेमकं सांगत होती.

या भेदांसाठीच तर त्या लोकांनी इतके शब्द केले. न निवडता जे ‘आहे’, ते अदरकिन. प्राणी स्वतः नाही पण त्याच्याशी रक्ताच्या नात्यासारखं नातं ‘आहे’, ते अदरहार्टेड. आणि एखाद्या वाईट काळातून तगून जाण्यासाठी कोणी जाणूनबुजून ‘ठरवलं’, की मी आता लांडग्यासारखी राहीन, तर ते वेगळं. या शेवटच्या प्रकाराला आधी ‘कोपिंगकिन’ म्हणत. पण ‘किन’ हा प्रत्यय न निवडलेल्या गोष्टीसाठी होता, त्यावरून वाद झाले, आणि शब्द बदलून ‘कोपिंगलिंक’ झाला. नातं असतं, दुवा जोडावा लागतो. प्रत्ययाच्या एवढ्या फरकासाठी अनोळखी माणसांनी महिनोन् महिने वाद घालावा, याचं माझ्यासारख्या व्याकरण शिकवणाऱ्या बाईला कौतुकच वाटतं.

माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने आक्षेप घेतला तो असा: शब्द दर पाच वर्षांनी बदलतात याचाच अर्थ खाली काही खरं नाही. खरी गोष्ट असेल तर तिचं नाव स्थिर असतं. हा आक्षेप मी पुष्कळांकडून ऐकला आणि मला तो मुळापासून चुकीचा वाटतो. आपल्या डोळ्यांसमोर अपंगचं विकलांग झालं, विकलांगचं दिव्यांग झालं. पाय नसलेल्या माणसाचं पाय नसणं काही त्यामुळे कमी-जास्त खरं झालं नाही. महारोग हा शब्द गेला आणि कुष्ठरोग आला, कारण पहिल्या शब्दाबरोबर माणसाला गावाबाहेर काढण्याची सवय आली होती. ज्या शहरात मी राहते ते शिलाहारांच्या ताम्रपटांत श्रीस्थानक आहे आणि १८५३ साली पहिली आगगाडी आली तेव्हा इंग्रजांच्या कागदांवर टान्ना. ऐरोली ज्या शहरात आहे त्याला माझ्या लहानपणी न्यू बॉम्बे म्हणत.

आणि नावावरून माणसं किती पेटून उठू शकतात हे नवी मुंबईला कोणी सांगायला नको. जून २०२१ मध्ये विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून इथले भूमिपुत्र रस्त्यावर उतरले. १० तारखेला मानवी साखळी, २४ तारखेला बेलापूरला सिडकोवर मोर्चा. बाहेरच्या कोणी विचारलं असतं, नावात काय आहे, विमान तर तेच उडणार. ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं त्यांना ठाऊक होतं की दुसऱ्याने ठेवलेल्या नावाखाली आपण दिसेनासे होतो. मी दोन्ही गोष्टींची बरोबरी करत नाही. जमीन गेलेल्या माणसाचं दुःख आणि या मुलांची अडचण यांत फार अंतर आहे. पण आपलं नाव आपण ठेवू, ही मागणी समजायला नवी मुंबईकराला अवघड जाऊ नये, एवढंच म्हणते.

दुसरं भांडण या लोकांच्या घरातलंच आहे, आणि त्यात बाजू घेताना मी जास्त चाचरते. गेल्या दहाएक वर्षांत समाजमाध्यमांवर ‘किन’ या शब्दाचं क्रियापद झालं. ‘मी या पात्राला किन करते’ म्हणजे हे पात्र मला फार माझ्यासारखं वाटतं, मला आवडतं. थेरियन शब्दाचंही तेच होत आहे. मुखवटा घातला आणि चार उड्या मारल्या की झाला थेरियन. जे २०-२५ वर्षं हे घेऊन जगत आहेत ते चिडतात. त्यांनी एकेक भेद करत बांधलेलं घर कोणीतरी पाहुण्यासारखं येऊन विस्कटतं. त्यांचा राग मला पटतो. भाचीलाही तो येतो. बागेतल्या पाचांपैकी दोघं तिच्या मते नुसती खेळायला येतात आणि ‘थेरियन’ म्हणवून घेतात. तिला ते आवडत नाही.

पण शब्दाला कुंपण घालून तो वाचत नाही, असं मला वाटतं, आणि याचं उदाहरण आपल्याकडे आहे. वारकरी कोण? गळ्यात तुळशीची माळ, वर्षाला नेमाने पंढरीची वारी, मद्यमांस वर्ज्य, एकादशी. हा अर्थ आजही जिवंत आहे. आणि त्याच वेळी पुण्याच्या टप्प्यात कंपन्यांतली मुलंमुली एक दिवस रजा काढून चालतात, फोटो काढतात, आणि त्या दिवसापुरती वारकरीच म्हणवतात. त्यांना कोणी दिंडीतून हाकलत नाही. ‘माउली’ म्हणूनच हाक मारतात. फक्त चालता चालता एखादा म्हातारा विचारतो, ‘माळ घातली का?’ बाहेरचा शब्द रुंद ठेवला आणि आतला भेद दुसऱ्या शब्दाने जपला. एक दिवस चाललेल्यांतलेच काही पुढच्या वर्षी माळ घालतात. हाकललं असतं तर घातली नसती. मी भाचीला हे सांगितलं. तिला पूर्ण पटलेलं दिसलं नाही. ‘वारकऱ्यांना सगळे मान देतात, म्हणून त्यांना परवडतं,’ ती म्हणाली. यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. अजून नाही.

आता काही वाचकांच्या ओठांवर आलं असेल: यात नवं काय, आपल्याकडे हे सगळं होतंच. खरं आहे, होतं. जेजुरीच्या खंडोबाचा वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतो. कोटंब्यातलं, म्हणजे त्याच्या भिक्षापात्रातलं, अन्न हात न लावता तोंडाने खायचं, भुंकायचं, असा विधी जुन्या पिढ्यांनी पाहिलेला आहे. आपल्या घराण्यांत देवक असतं, कोणाचं कळंबाची फांदी, कोणाचं मोराचं पीस, आणि देवकाला इजा करायची नसते. ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांवर वाघोबाची पूजा होते. तरीही ‘आमच्याकडे होतंच’ हे म्हणण्याला माझा विरोध आहे. वाघ्याला नवसाने सोडलेलं असतं, तो ‘होतो’. देवक नातं आहे, पण ते कुळाचं, एकट्याचं नव्हे. वाघोबापुढे वारली माणूस वाघ नसतो, वाघाशी समझोता करणारा शेजारी असतो. प्रत्येक ठिकाणी क्रियापद वेगळं आहे. ‘होतंच’ म्हणून आपण मान देतो आहोत असं आपल्याला वाटतं, पण समोरच्या मुलीने जे सांगितलं ते न ऐकताच तिला आपल्या फडताळात ठेवून देतो. काकूंच्या ‘बाहेरचं आहे’पेक्षा हे सौम्य आहे, ऐकण्याचे कष्ट मात्र दोन्हींत वाचतात.

काकूंच्या सल्ल्याविषयी एकच सांगते. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला बांधणं, मारणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ‘दाखवून या’ हे वाक्य कुठपर्यंत जाऊ शकतं हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ते सहज बोललं जातं.

‘ठाण्याला पाठवा’ याचं उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवं, कारण त्यामागे कधीकधी खरी काळजी असते. आपण प्रत्यक्ष जनावर झालो आहोत, अंगावर केस येत आहेत, हात पंजे झाले आहेत अशी पक्की खात्री होणं, हा एक दुर्मीळ भ्रम आहे आणि वैद्यकात त्याची नोंद आहे. अशा माणसाला डॉक्टरच हवा. भाचीने आरशाबद्दल जे सांगितलं ते इथे आठवावं. बहुतेक थेरियन आणि अदरकिन हेच सांगतात: शरीर माणसाचं आहे, ते आम्हाला माहीत आहे. आम्ही देहाने प्राणी होऊन दाखवतो, तुम्हालाही शिकवतो, असं म्हणणारे काही लोक त्यांच्यात येऊन गेले, आणि त्यांना सगळ्यांत कडक विरोध जुन्या थेरियन मंडळींनीच केला. ही फसवणूक आहे, कोवळ्या मुलांना जाळ्यात ओढायची ही रीत आहे, असं बजावलं. पालकांनी खरं लक्ष इथे ठेवावं. मुलीच्या मुखवट्याकडे नाही. मुलीला एकटीला गाठून ‘मलाच तुझं खरं रूप कळतं’ म्हणणारा कोणी मोठा माणूस आहे का, याकडे.

कायदा तर आणखी स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या तिसऱ्या कलमात म्हटलं आहे की माणूस आपल्या समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक मूल्यांशी किंवा धार्मिक समजुतींशी जुळत नाही, एवढ्या कारणावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. संसदेने हे वाक्य थेरियनांसाठी लिहिलं नव्हतं, पण ते त्यांनाही लागू आहे. मुलगी जेवत नाही, झोपत नाही, शाळा सुटली, स्वतःला इजा करते, असं काही असेल तर जरूर मदत घ्यावी. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. पण तो फोन झोप आणि जेवण यांसाठी करावा. शेपटीसाठी करू नये.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर या काळात एक निरोप फिरला, की परदेशात मुलांनी स्वतःला मांजर म्हणवल्यामुळे शाळांना स्वच्छतागृहात वाळूचे ट्रे ठेवावे लागले, आता हे आपल्याकडे येणार. अमेरिकेत २०२१-२२ मध्ये ही अफवा पुढाऱ्यांच्या भाषणांपर्यंत पोचली होती. पत्रकारांनी शाळाशाळांत चौकशी केली आणि ती खोटी निघाली. रशियात २०२४ मध्ये काही लोकप्रतिनिधींनी चार पायांवर धावणाऱ्या मुलांच्या पालकांना दंड करण्याची भाषा केली. आपल्या फळ्यावरची ‘सक्त मनाई’ त्याच वाऱ्याची झुळूक आहे. समितीतल्या लोकांनी बागेत जाऊन एकाही मुलाला ‘काय रे, काय करताय?’ असं विचारलं नव्हतं. मी ते समितीच्या सचिवांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘मॅडम, तक्रार आली, आम्ही नोटीस लावली.’ माणूस सरळ आहे. एका आजोबांना धावणाऱ्या मुलाचा धक्का लागला होता, आणि तक्रार खरी होती.

मलाही मोह झालाच. या सगळ्याला मराठी शब्द असावा असं वाटून मी भाचीला ‘इतरसोयरे’ सुचवला. मला तो फार आवडला होता. तिने दोन-तीनदा उच्चारून पाहिला. ‘छान आहे. पण तो तुझा होईल, मावशी. आमच्यातल्या कोणी केला तर बघू.’ मी आग्रह सोडला. शब्दकोशात एखादा शब्द वरून टाकता येतो, तोंडात टाकता येत नाही, हे मीच वर्गात शिकवते. आज ती थेरियन म्हणते. तिच्या ओळखीत काही जणांनी आता तोही सोडला आहे. नुसतं ‘नॉनह्यूमन’ म्हणतात, किंवा कुठलंच नाव घेत नाहीत. दोन वर्षांनी ती काय म्हणेल मला माहीत नाही, आणि तेव्हा तिने शब्द बदलला तर ‘बघ, मी म्हटलं नव्हतं का’ असं कोणी म्हणू नये अशी माझी इच्छा आहे. पांढऱ्या टोकाचं शेपूट तिने फेकलेलं नाही. ते खिळ्यावरच आहे.

सूचनेचा नवा मसुदा मी सचिवांना लिहून दिला. ‘बागेत धावताना, खेळताना लहान मुलांना व ज्येष्ठांना धक्का लागणार नाही याची सर्वांनी काळजी घ्यावी. धावण्यासाठी मागील पट्टी वापरावी.’ त्यात प्राणी नाहीत, मुखवटे नाहीत, आणि क्रिकेट खेळणाऱ्यांनाही तो तितकाच लागू आहे. त्यांनी दोनदा वाचला. ‘चाळे’ काढायला हरकत नाही म्हणाले, पण समितीपुढे ठेवावा लागेल. बैठक येत्या रविवारी आहे. भाचीला यायचं आहे, तिला स्वतः दोन वाक्यं बोलायची आहेत, आणि ती अजून ठरवते आहे की मुखवटा घरी ठेवायचा की हातात घेऊन जायचा.